दाखल दफ्तर

आदिलाबाद,
११ मार्च १९५६

चि. विनूस अण्णाचे अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. मंचेरियलला कोळशाच्या धुळीने वाळत घातलेली पातळं काळी होतात, तेव्हा ती घरातच दोरीवर वाळवत जा. आता माझी बातमी. वाचून हसू नकोस.

गेल्या सोमवारी तहसीलदार साहेबांबरोबर तामसीकडे दौऱ्यावर गेलो होतो. साहेब तेलुगू, गावकरी मराठी, जुने कागद उर्दू, आणि या तिघांच्या कचाट्यात तुझा भाऊ, तीस वर्षं कचेरीचे कागद हाताळून मुरलेला पेशकार. दुपारपर्यंत डोकं भणभणायला लागलं. साहेब चावडीत आडवे झाले तसा मी सावली शोधत निघालो आणि जयवंताबाई नावाच्या एका म्हाताऱ्या कुणबिणीच्या ओट्यावर टेकलो. ती ज्वारी पाखडत होती. दर गुरुवारी माणसं तिच्याकडे नुसती येऊन बसतात असं नंतर कळलं. ती अंगारा देत नाही की मंत्र देत नाही.

माझ्याकडे पाहून म्हणाली, "बापू, काऊन एवढे दमून राह्यले? चालून दमले का इचार करून?"

मी म्हणालो, "विचार करून."

"मंग करू नोका. येऊ द्या त्याइले. तुमी आपले दारात बसा. आला त्याले पाहा, गेला त्याले पाहा. मांगं मांगं धावू नोका."

एवढंच बोलून ती पुन्हा सूप हलवायला लागली. मी बसलो. मनात आलं, साहेब उठले असतील. मग आलं, पायाला मुंग्या आल्यात. मग तुझी आठवण आली. आणि विनू, एकाएकी दिसलं की हे सगळं येतंय नि जातंय आणि मी निराळा बसून पाहतोय. किती वेळ गेला कोण जाणे. उठलो तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तुझी वहिनी गेली तेव्हा मी रडलो नव्हतो. त्या दिवशी एका परक्या बाईच्या ओट्यावर रडलो आणि मला त्याची लाज वाटली नाही.

कचेरीच्या माणसाला पद्धत बसवल्याशिवाय चैन पडत नाही, तू ओळखतेसच. एक नवी वही आखली आहे. अनुक्रम, तारीख, विचाराचा मजकूर, शेरा. शेरा सगळ्यांना एकच, 'दाखल दफ्तर'. ज्या कागदावर काहीच करायचं नसतं त्यावर आम्ही हा शेरा मारतो आणि कागद रुमालात बांधून फडताळात टाकतो. विचारांचंही तसंच करायचं ठरवलं आहे. क्रमांक १७, स्वयंपाकाच्या कुसुमबाईने वांग्याची भाजी खारट केली. दाखल दफ्तर. क्रमांक १८, साहेबांना माझा मसुदा आवडला नसावा. दाखल दफ्तर. मन कसं हलकं होतं म्हणून सांगू!

तुझ्या इकडच्या बदलीसाठी शाळा तपासनिसांना पुन्हा भेटलो. घर तुझ्यावाचून ओकं वाटतं. (हाही विचार वहीत नोंदवला आहे.)

तुझा
अण्णा


मंचेरियल,
२० मार्च १९५६

ती. अण्णांना विनूचा नमस्कार.

हसू नकोस म्हणालात म्हणून दार लावून हसले. जगात लोकांना साक्षात्कार होतात, माझ्या भावाला साक्षात्कार झाला तर त्याने आधी रकाने आखले!

पण तुम्ही रडलात ते वाचलं आणि हसू थांबलं. वहिनी गेल्यावर चौदाव्या दिवशी तुम्ही कचेरीत गेलात आणि संध्याकाळी येऊन मला भूमितीचा पाठ दिलात. मी तेव्हा मनात म्हणायची, अण्णा रडले तर मलाही रडता येईल. त्या म्हातारीला माझा नमस्कार सांगा.

इकडे शाळेत सगळे हवालदिल आहेत. राज्याचे भाषेवार तुकडे होणार हे आता पक्कं. आपला जिल्हा आंध्रात, मराठवाडा मराठी मुलखात. इथले मराठी वर्ग पुढच्या एप्रिलनंतर बंद होतील आणि आम्हा शिक्षकांना कोणत्या राज्यात जायचं ते लिहून द्यावं लागेल. नरसिंगराव रोज मधल्या सुट्टीत वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात. ते इतिहास शिकवतात, मूळचे परभणीकडचे. निजामाच्या अखेरच्या काळात चौदा महिने तुरुंगात होते, त्या धामधुमीत लग्न राहिलं ते राहिलंच. परवा म्हणाले, "तुरुंगात नकाशा पाठ केला होता, आता मास्तरालाच नवा पाठ करावा लागणार." नरसिंगरावांनी शाळेच्या मागे पपईची झाडं लावली आहेत, त्यातली पहिली पपई मला दिली. कच्ची निघाली.

या पत्रात एक नाव दोनदा आलं आहे. तुमच्या वहीत नोंद करून ठेवा.

तुमची
विनू


आदिलाबाद,
९ एप्रिल १९५६

चि. विनूस आशीर्वाद.

तुझं पत्र चांगलं खुसखुशीत होतं. नरसिंगराव मास्तर भला माणूस दिसतो. कच्ची पपई उष्ण असते, खाऊ नकोस.

माझी वही भरली, दुसरी सुरू केली. काल साहेब सर्वांदेखत माझ्यावर ओरडले. तेलुगूतून ओरडले, म्हणून निम्मं समजलं नाही, पण उरलेलं पुरेसं होतं. एरवी मी तीन दिवस जेवलो नसतो. काल राग आला, क्रमांक ४१२, आणि दाखल दफ्तर झाला. साहेबांना "कूर्चोंडी" म्हणजे 'बसा' म्हणालो आणि खुर्ची पुढे केली. तेच ओशाळले.

विनू, आपण उगाच प्रत्येक विचाराला आपला म्हणून कवटाळतो. तूही हे करून पाहा. मेमध्ये येशील तेव्हा शिकवीन. तपासनीस म्हणतात, इथल्या मुलींच्या शाळेत मराठी शिक्षिकेची एक जागा राहील. मागच्या खोलीला चुना मारून घेतो आहे.

अण्णा


मंचेरियल,
१४ जून १९५६

ती. अण्णांना नमस्कार.

मेमध्ये तीन आठवडे मी तुमच्यासमोर होते आणि एक गोष्ट सांगायची राहिली. रोज सकाळी ठरवायची, आज चहाच्या वेळी सांगू. तुम्ही डोळे मिटून बसलेले असायचात. मग उठून वही लिहायचात. मला वाटायचं, आता बोलले तर मीही एक क्रमांक होईन. म्हणून लिहिते.

नरसिंगरावांनी मला लग्नाचं विचारलं आहे. एप्रिलमध्येच विचारलं. ते बेचाळीस वर्षांचे, मी चौतीस. मी विधवा आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ते म्हणतात, नोंदणीने लग्न करू आणि दोघंही मराठी राज्याच्या कागदावर सही करू. नांदेडला जाऊ. कागद जुलैच्या अखेरीपर्यंत द्यायचा आहे.

अण्णा, सोळाव्या वर्षी मी माहेरी परत आले तेव्हा साऱ्या भाऊबंदांनी तुम्हाला सांगितलं होतं, पोरीला कोपऱ्यात बसवा. तुम्ही माझ्या हातात पाटी दिलीत. काकांनी दोन वर्षं आपल्या घरचं पाणी घेतलं नाही, तरी तुम्ही मला ट्रेनिंगला पाठवलंत. तेव्हा तुम्ही कोणाला विचारत बसला नव्हतात. आज मी तुम्हाला विचारते आहे, कारण माझं म्हणावं असं माणूस तुम्ही एकटेच.

मला ते आवडतात. हे वाक्य लिहायला एक आठवडा लागला. तुम्हाला काय वाटतं ते लवकर लिहा.

तुमची
विनू


आदिलाबाद,
२५ जून १९५६

चि. विनूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. शांतपणे वाचलं. वाचताना आनंद आला, मग लोक काय म्हणतील ही भीती आली, मग काकांचा चेहरा आला. सगळे आले आणि गेले. क्रमांक १,१६३ ते १,१७०. सहा महिन्यांपूर्वी मी यातल्या एखाद्याला धरून बसलो असतो आणि तुला होकार किंवा नकार कळवला असता. आज तसं करवत नाही. ज्याला मत असतं तो मी नव्हे, हे मला दिसलं आहे.

तेव्हा तुझं तू पाहा. तुझ्या मनात जे उठेल ते शांतपणे पाहा. जे व्हायचं ते होईल. मी दोन्हींत समान आहे.

मुलींच्या शाळेतली जागा अजून रिकामी आहे. मागच्या खोलीत तुझ्यासाठी एक फळी ठोकून घेतली, पुस्तकांना बरी पडेल. माझा गुडघा पावसाळी हवेने धरतो, कुसुमबाईही आठवड्यातून दोनदा दांडी मारते. पण हे आपलं सहज लिहिलं.

अण्णा


मंचेरियल,
९ जुलै १९५६

ती. अण्णांना नमस्कार.

पत्र पोचलं. चार वेळा वाचलं. तुम्ही नाही असं कुठे लिहिलेलं नाही, पण फळी आणि गुडघा मला वाचता येतात.

काल कागदावर आदिलाबाद लिहून दिलं. नरसिंगरावांनाही सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्या भावाला मी पसंत नाही का?" मी म्हणाले, त्यांना पसंत-नापसंत काही राहिलेलं नाही. हे उत्तर त्यांना कळलं नाही. मलाही नीट कळलेलं नाही.

शाळा एप्रिलपर्यंत आहे, तोवर मी इथेच. माझी मोठी पेटी फळीखाली मावेल का ते मोजून कळवा.

विनू


आदिलाबाद,
१९ जुलै १९५६

चि. विनूस आशीर्वाद.

पेटी मावेल. वर चार बोटं जागा राहते.

तू जो निर्णय घेतलास तो तुझा आहे. त्यात माझं काही नाही, हे ध्यानात असू दे. तपासनिसांना कळवलं, ते खूश झाले. इकडे पाऊस बरा आहे, कपाशी चांगली उगवली आहे.

अण्णा


मंचेरियल,
३० ऑक्टोबर १९५६

ती. अण्णांना नमस्कार.

या दिवाळीला येत नाही. भाऊबीजेलाही येणार नाही. सहामाहीचे पेपर तपासायचे आहेत. कुसुमबाईंकडून ओवाळून घ्या.

परवा पाच मराठी शिक्षकांपैकी चौघांना निरोप दिला. गुरुवारपासून त्यांचं राज्य निराळं, आपलं निराळं. स्टेशनवर मी गेले होते. नरसिंगरावांनी पपईच्या झाडांना पाणी घालायला सांगितलं.

विनू


आदिलाबाद,
२४ नोव्हेंबर १९५६

चि. विनू,

हे पत्र पुरं वाच. अर्ध्यावर फाडावंसं वाटलं तरी वाच.

भाऊबीजेला पाट मांडून बसलो होतो. अठरा वर्षांत पहिल्यांदा तू आली नाहीस. मनात आलं, ती रागावली आहे. वही उघडली, क्रमांक घातला, आणि शेरा काही लिहवेना. मग रोज तेच. तीन आठवडे वही कोरी राहिली.

गुरुवारी छकडा करून तामसीकडे गेलो. तिन्ही वह्या बरोबर घेतल्या. खरं सांगतो, थोडा अभिमानही होता. जयवंताबाईला वाचता येत नाही, म्हणून तिने मलाच वाचायला सांगितलं. चार-पाच माणसं बसली होती. मी वाचत गेलो. ती सरकी काढत ऐकत होती. तुझ्या पत्राची नोंद आली तशी म्हणाली, "थांबा बापू. हे बहिनीचं काय व्हतं?"

मी सगळं सांगितलं. तुझं पत्र, माझं उत्तर, तुझा कागद, मास्तर गेले ते. तिने हातातली सरकी खाली ठेवली.

मग म्हणाली, "म्या तुमाले दारात बसाले सांगतलं व्हतं. दार लावून घ्याले नाही सांगतलं."

मी म्हणालो, "तुम्हीच म्हणालात, विचाराच्या मागे धावू नका."

"इचाराच्या! तुमची बहीन काय इचार हाये? थे तं मानूस हाये. मानूस दारात येऊन काई पुसून राह्यलं, आन तुमी त्याले बी आला-गेला म्हनता?"

बसलेली माणसं खाली पाहायला लागली. मी वही मिटली. तेवढ्यात तिने आणखी एक विचारलं, अगदी सहज, जसं पीकपाणी विचारावं तसं. "आन बापू, बहीन गेली तं मले भाकर कोन टाकन, हे नाही आलं का तुमच्या मनात? थे कोठी लिवलं?"

विनू, ते कुठेच लिहिलेलं नाही.

तीन वह्यांत दोन हजारांवर नोंदी आहेत. वांग्याची भाजी आहे, साहेबांचं ओरडणं आहे, मुंगी चावली तेही आहे. हे एक नाही. आणि ते आलं नव्हतं असं नाही. तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी आलं. गुडघा दाबत बसलो होतो तेव्हा आलं. विनू गेली तर म्हातारपणी मी या घरात एकटा मरेन. हा विचार इतका हलका होता की त्याला क्रमांक द्यायची मला लाज वाटली. साऱ्या विचारांना मी समोर बसवून पाहत होतो आणि हा एक माझ्या पाठीमागे उभा राहून माझ्या हाताने पत्र लिहीत होता. फळी त्याने ठोकली. गुडघा त्याने लिहिला. मी मात्र तुला लिहिलं की मी दोन्हींत समान आहे.

तुझं जुलैचं पत्र आलं तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. महिनाअखेरीला दोन आठवडे तरी होते. कागद कसा बदलून घेता येतो हे या जिल्ह्यात माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? मी पेटी मोजली.

त्या मार्चमध्ये ओट्यावर जे झालं ते खोटं नव्हतं. ते अजूनही खोटं वाटत नाही. पण त्याच्यामागे मी लपलो. देवाच्या नावाने चोरी करणाऱ्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली आणि स्वतः तेच केलं, तेही स्वतःच्या बहिणीच्या घरात.

नरसिंगरावांचा नांदेडचा पत्ता कळव. मी स्वतः जाऊन त्यांची क्षमा मागतो आणि तुझ्यासाठी बोलतो. तुझा कागदही मी पाहतो. रजा काढली आहे.

तुझा गुन्हेगार
अण्णा


मंचेरियल,
१० डिसेंबर १९५६

ती. अण्णांना विनूचा नमस्कार.

पत्र फाडलं नाही. पुरं वाचलं, आणि मग वर्गावर गेले. मुलांना त्रैराशिक शिकवताना फळ्यावर काय लिहीत होते मला कळत नव्हतं.

नांदेडला जाऊ नका. नरसिंगरावांचं लग्न ठरलं आहे. त्यांच्या थोरल्या भावाने परभणीची मुलगी पाहिली, मार्गशीर्षातच आहे. त्यांनी मला स्वतः कळवलं, ते सरळ माणूस आहेत. माझा नकार स्पष्ट होता, त्यांनी वाट का पाहावी? मी त्यांना चांगलं पत्र लिहिलं. मग शाळेच्या मागे जाऊन पपईच्या झाडाशी उभी राहून रडले. शिपायाने विचारलं, काय झालं बाई, म्हटलं डोळ्यात कोळसा गेला.

तुमच्यावर मी फार रागावले होते. अजून आहे. पण तुम्ही समजता त्या कारणासाठी नाही. तुम्हाला एकटं राहायची भीती वाटली, यात गुन्हा काय? तेवढं लिहिलं असतंत तर मी म्हटलं असतं, चला आमच्याबरोबर नांदेडला. तिथेही घरं आहेत. नरसिंगराव तर तसं म्हणालेही होते. ते मी तुम्हाला लिहिलं नाही. आधी तुमचं मन कळू दे, मग सांगू, असं ठरवलं होतं. म्हणजे थोडं मीही लपवलं.

अण्णा, मला तुमची परवानगी नको होती. चौतीस वर्षांची मास्तरीण कोणाच्या परवानगीने लग्न करत नाही. मला एवढंच हवं होतं की माझ्या लग्नाची बातमी ऐकून कोणाला तरी बरं वाटावं. आई नाही, बाबा नाहीत, वहिनी नाही. तुम्ही लिहिलं होतंत, 'वाचताना आनंद आला.' ते वाक्य मी किती वेळा वाचलं. आला होता ना? मग माझ्यापर्यंत का पाठवला नाहीत? तेवढ्यावर मी गेले असते.

आता माझं सांगते. मीही अर्ज केला आहे. किनवट मराठी मुलखात गेलं, तिथल्या मराठी शाळेत शिक्षिका हव्या आहेत. एप्रिलनंतर तिकडे रुजू होईन. आदिलाबादच्या जागेसाठी तुम्ही दुसरी कोणी पाहा. किनवट गाडीने काही लांब नाही, नदी ओलांडली की आलंच. पण मी त्या मागच्या खोलीत राहायला येणार नाही. राहिले तर रोज सकाळी तुम्ही माझ्याकडे अपराध्यासारखे पाहाल आणि मी रोज तुम्हाला क्षमा करत बसेन. तसं दोघांनाही जगता येणार नाही.

एक मागते. जूनमध्ये जे पत्र मला यायला हवं होतं ते आता लिहून पाठवा. क्षमा नको, वही नको, जयवंताबाई नको. त्याचा उपयोग नाही हे मलाही कळतं. पण मला ते जवळ असावंसं वाटतं.

तुमची
विनू


आदिलाबाद,
१६ डिसेंबर १९५६

चि. सौ. होणाऱ्या विनूस अण्णाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं १४ जूनचं पत्र आज दुपारी कचेरीत मिळालं. उभ्या उभ्याच वाचलं. 'मला ते आवडतात' इथे आलो आणि मोठ्याने हसलो, इतका की शेजारचा कारकून दचकला. त्याला म्हणालो, माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. तो म्हणाला, ती तर विधवा आहे ना? मी म्हणालो, होती.

घरी आलो, कुसुमबाईला शिरा करायला सांगितलं. तिने तोही खारट केला असता, म्हणून मी स्वतः उभा राहिलो. मग तुझ्या वहिनीच्या तसबिरीसमोर वाटी ठेवली आणि तिला सांगितलं. मला रडू आलं. विनू, तू सोळा वर्षांची होतीस, कोरं कपाळ घेऊन दारात उभी होतीस, तेव्हापासून हा दिवस यावा असं मला वाटत होतं. तुला कधी बोललो नाही.

मला एकटं राहायची भीती वाटते. फार वाटते. पण ती माझी आहे, तू तिच्याकडे पाहू नकोस.

काकांना मी कळवतो. त्यांनी पुन्हा आपल्या घरचं पाणी घेतलं नाही तर न घेऊ देत.

लग्न कर. नोंदणीला साक्षीदार लागतात, त्यांत पहिली सही माझी. उद्याच्या पहिल्या मोटारीने निघतो. नरसिंगरावांना सांग, त्यांचा मेहुणा येतो आहे.

तुझा
अण्णा